दुकान वाढवलं का, असं विचारणारी मी

मी डायलॉग बॉक्स बोलतेय. नाव इंग्रजी आहे म्हणून लगेच तोंड फिरवू नका. तुम्ही मला पाहिलेलं आहे. संगणकावर काम चालू असताना मध्येच एक लहानशी चौकोनी खिडकी उघडते, काहीतरी विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत मागचं काही हलू देत नाही, ती मी. घराच्या खिडकीतून बाहेरचं दिसतं. माझ्यातून काही दिसत नाही. मी फक्त विचारते.

आणि आधीच सांगते, मी संशयी आहे. जिला दिवसभर लोकांकडून उत्तरं काढायची आहेत, तिचा स्वभाव दुसरा काय होणार? माणसं माझ्याशी सरळ वागत नाहीत. मी काय विचारतेय ते न वाचताच बटण दाबतात. काहींचा पडद्यावरचा बाण ‘होय’वर येतो, ‘नाही’वर जातो, परत ‘होय’वर येऊन थरथरतो. मी ते सगळं अंगावर झेलते आणि मनात म्हणते, ह्याच्या पोटात काहीतरी वेगळं आहे.

माझा जन्म कुडाळचा. तिथे एका इमारतीच्या माडीवर पाहणीचं एक ऑफिस होतं. किनाऱ्यावरच्या गावांत पर्यटक वाढले, त्याने लहान दुकानांचं काय झालं, हे तिथल्या लोकांना शोधायचं होतं. हे काम सुशांतकडे आलं. सुशांत चाकरमान्याचा मुलगा. गाव कुडाळजवळचंच, पण वाढला मुंबईत. गणपतीला चार दिवस येणार, मालवणी कळणार, पण बोलताना अडखळणार. संख्याशास्त्र शिकलेला आणि माणसांशी बोलायला लाजणारा. समोरच्याच्या डोळ्यांत बघून काही विचारायचं म्हटलं की त्याचा आवाज घशातच राहायचा. मला वाटतं, म्हणूनच त्याने मला बनवलं.

आर नावाची संगणकाची एक भाषा आहे. आकडेमोड करायला आणि आलेख काढायला ती वापरतात. त्या भाषेत सुशांतने एक ओळ लिहिली आणि मी पडद्यावर उभी राहिले. माझ्या पाठोपाठ माझी बहीण आली. तिच्याजवळ एक रिकामी पट्टी असते, तिच्यात टाइप करायचं. माझ्याजवळ पट्टी नाही. माझ्याकडे तीन बटणं. होय, नाही आणि रद्द.

माझ्यावर काय लिहायचं ह्याचा सुशांतने बराच विचार केला. आधी लिहिलं, ‘आपण दुकानाचा विस्तार केला आहे का?’ मग स्वतःशीच म्हणाला, “विस्तार फार जड वाटतो. गावातल्या लोकांना सोपं पाहिजे.” त्याने ते खोडलं आणि लिहिलं, ‘गेल्या वर्षभरात दुकान वाढवलं का?’

हे वाक्य कपाळावर घेऊन मी शिरोड्याला गेले.

मला तिथे नेणारी तेजस्वी. शिरोड्याचीच मुलगी. शिक्षण झालेलं आणि ही तिची पहिली नोकरी. लॅपटॉप खांद्याला लावून ती दुकानोदुकान फिरायची. पहिल्याच दुकानात एक म्हातारा माझ्याकडे बघून दचकला. “गो, ह्यो वरचो डोळो कित्याक उघडो? फोटो काढता काय?”

“नाय ओ आजोबा. तो कॅमेरो. बंद आसा.”

“बंद आसा तर झाक तेका!”

तेजस्वीने कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली. तेव्हापासून बाहेरचं मला दिसत नाही, ऐकू तेवढं येतं. ज्याला फक्त ऐकू येतं तो अजून संशयी होतो, हे तुम्हीच बघा.

लोक आमच्यावर कमी संशय घेत होते असं नाही. कोणी म्हणे रस्ता रुंद करायचा आहे म्हणून ही नावं लिहून नेते. कोणी म्हणे कर बसणार. एक जण तर म्हणाला, “माझां उत्तर नको घालू. शेजाऱ्याचां काय असात ता घाल, आणि माझ्या नावावर लाव.” तेजस्वी हसायची, थोडं बसायची, घरची चौकशी करायची आणि मग मालवणीत विचारायची, “काकानूं, दुकान वाढवलां काय?”

उत्तर आलं की ती लगेच बटण दाबायची. बाण कधी थरथरला नाही. होय. नाही. होय. होय. ह्यानेच मला खटकलं. खरं सांगणारा माणूस जरा थांबतो, आठवतो, मान खाजवतो. पाठ केलेलं उत्तर मात्र झटकन येतं. ही मुलगी थांबत कशी नाही?

सुशांतच्या मनातही तिच्याबद्दल हळूहळू किंतु येऊ लागला होता. पहिली गोष्ट माझ्या बहिणीमुळे घडली. बहीण दुकानातल्या माणसांची संख्या विचारायची. तेजस्वीने लॅपटॉप मराठीवर ठेवला होता आणि ती मराठी आकडे टाइप करायची. माझी बहीण जे येईल ते अक्षर म्हणून घेते. त्या अक्षरांचे आकडे मागची भाषा करते आणि तिला मराठी आकडे वाचता येईनात. तिने सगळीकडे ‘उत्तर नाही’ अशी नोंद केली.

“तेजस्वी, तू हे रकाने रिकामे का सोडलेस?” सुशांतने फोनवर विचारलं.

“मी भरले सर.”

“इथे काहीच नाहीये.”

“मी माझ्या हाताने भरले.”

चूक कोणाची हे त्याला दोन दिवसांनी कळलं आणि त्याने ती दुरुस्तही केली. पण ‘मी भरले’ म्हणताना तिचा आवाज चढला होता, तो त्याच्या डोक्यात राहिला.

दुसऱ्या वेळी मीच दुसऱ्या एका मोठ्या खिडकीच्या मागे झाकली गेले. असं आमच्या जातीत होतं. मी मागे उभी राहून उत्तराची वाट बघतेय, माझ्यामुळे सगळं थांबलंय आणि पुढच्या माणसाला मी दिसतच नाही. तेजस्वीला वाटलं लॅपटॉप अडकला. तिने बटण दाबून तो बंद केला आणि त्या दिवसाचं काम गेलं. “काम गेलं की केलंच नव्हतं?” असं सुशांत तिला म्हणाला नाही. ऑफिसात दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला. मी ऐकलं.

मग सगळी उत्तरं गोळा झाली आणि आलेख निघाला. ‘दुकान वाढवलं’ हा खांब उंचच उंच गेला. ऑफिसचे साहेब खूश झाले. पर्यटनाने शिरोड्याचा बाजार बहरला, असं अहवालात पहिलंच वाक्य घाला म्हणाले.

सुशांत त्या रविवारी मित्रांबरोबर शिरोड्याला समुद्रावर गेला होता. सोमवारी आला तो तापलेला. तेजस्वीला बोलावून घेतलं. मी लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप दोघांच्या मध्ये.

“मी तुझ्या बाजारातून चालत गेलो,” तो म्हणाला. कोणाच्या अंगावर जायची त्याला सवय नव्हती, म्हणून शब्द जास्तच कोरडे येत होते. “ज्या दुकानांपुढे तू ‘होय’ लावलं आहेस त्यांची शटरं खाली आहेत. कुलपांना गंज आहे. आणि ज्याने नवीन मजला चढवला, फ्रीज आणले, त्याच्यापुढे ‘नाही’. हे काय आहे?”

“जा इचारलां, ता लावलां.”

“खरं सांग. गेली होतीस, की घरी बसून मनाला येईल ते दाबलंस?”

मला तिच्या श्वासाचा आवाज आला. माझं मत तुम्ही विचाराल तर मी तेव्हा सुशांतच्या बाजूची होते. मी तिची बोटं ओळखत होते ना. न थांबणारी बोटं.

“मी साहेबांना सांगितलंय की ही माहिती शंकास्पद आहे,” सुशांत म्हणाला. “तुझं नाव सांगावं लागलं. ते म्हणतात, खोटी माहिती भरणाऱ्याला जिल्ह्यात पुन्हा कुठल्याही पाहणीवर घेत नाहीत.”

“चला,” तेजस्वी म्हणाली.

“कुठे?”

“शिरोड्याक. तुमी सांगा त्या दुकानात. मी तोंड उघडूचंय नाय. तुमीच इचारा.”

तो सांगेल त्या दुकानात म्हटल्यावर सुशांतने गंजलेल्या कुलपाचं एक दुकान निवडलं. जानकी काकीचं. बाजाराच्या टोकाला काजूगर, कोकम, खाजा, शेंगदाण्याचे लाडू असं विकायची. मागेच तिचं घर. सुशांतने बाकावर बसून मला उघडलं. समोर तिचं नाव, तिच्या नावापुढे ‘होय’.

“काकी, ही मुलगी तुमच्याकडे आली होती का?”

“तेजू? इली होती तर. चाय पिवन गेली.”

“तिने काय विचारलं?”

“दुकान वाढवलां काय म्हणान इचारल्यान.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“होय म्हटलंय. वाढवलंय ना मी.”

सुशांत म्हणाला, “कुठे वाढवलं?”

“खंय म्हणजे? हंयच. दुकान उचलून दुसरीकडे नेवन वाढवतत काय?”

“पण काकी, हे तर... शटर खाली आहे.”

“मगे? वाढवल्यार शटर वर ठेवतत?” काकीला हसू आलं. “रे झिला, तू मुंबयचो काय?”

सुशांत हसला नाही. त्याचं बोट टचपॅडवर होतं आणि ते मला जड लागत होतं. त्याला वाटत होतं, दोघींचं ठरलेलं आहे. चहा पिऊन गेली म्हणजे पढवूनही गेली असेल. मलाही तेच वाटत होतं. तो एकदम वकिलासारखं विचारू लागला. माल कुठे आहे? नवीन काय घेतलं? कधी वाढवलं?

शेवटच्या प्रश्नाला काकीचं हसू थांबलं.

“कधी म्हणजे,” ती म्हणाली, “आमचे ह्ये गेले ना, तेव्हा. हातातली काकणां वाढवली आणि मगे दुकानय वाढवलां. माल आणूक कुडाळच्या बाजारात ह्येच जायत. मी एकटी काय करतलंय?”

टचपॅडवरचं बोट थांबलं.

काकणं वाढवली. काकणं कशी वाढतील? काकणं फुटतात. पण नवरा गेलेल्या बाईच्या हातातली काकणं फुटली, असं कोणी तोंडाने म्हणत नाही. देवापुढचा नारळ आपण फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. तसंच दुकान. ज्याच्यावर घर चाललं ते दुकान ‘बंद केलं’ म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून वाढवलं.

हे मी आता इतकं सरळ सांगतेय. तेव्हा सुशांतला ते कळायला बराच वेळ लागला. तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “काकी, वाढवलं म्हणजे... मोठं केलं नाही?”

“मोठां? ह्या वयात?”

आणि तेजस्वी, जी तोंड उघडणार नव्हती, ती एकदम बोलली. “म्हणजे तुमका मोठां केलां काय असां इचारूचां होतां? माका वाटलां, तुमका दुकानां बंद पडली तेंची संख्या होयी. म्हणान मी मनात म्हणी, किती बऱ्या मनाचो माणूस, बंद म्हणूक नाय!”

आता मला माझ्या कपाळावरचं ते वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं. शब्द तेच होते. सुशांतने ते एका अर्थाने माझ्यावर लिहिले आणि तिने दुसऱ्या अर्थाने माझ्यावरून वाचले. दोघांनाही क्षणभर शंका आली नाही. एवढी संशयी मी, मलाही नाही. तिची बोटं थांबत नव्हती, कारण बंद पडलेलं दुकान आठवायला कोणाला विचार करावा लागत नाही.

दोघं गाडीने परतली. कुडाळला उतरल्यावर तेजस्वीने लॅपटॉपची बॅग सुशांतच्या हातात दिली. “माका नको तुमचां काम,” म्हणाली आणि गेली.

सुशांतला वाटलं, होयच्या जागी नाही आणि नाहीच्या जागी होय असं सगळं उलटं केलं की झालं. तसं त्याने करूनही पाहिलं. पण समुद्राजवळच्या एका तरुण दुकानदाराने ‘होय’ सांगितलं होतं, ते खरंच मोठं केलं म्हणून. अशी आणखी किती असतील? कोणी कुठल्या अर्थाने सांगितलं हे ओळखावं तर गावातल्या तेजस्वीनेच. तो स्वतः विचारायला गेला तर लोक म्हणाले, “तेजूक धाड. तू नको.” गावात सगळ्यांना कळलं होतं की ह्याने तिला खोटी म्हटलं.

पाहणी अडली ती अडलीच. पण माझ्या मते त्याला पाहणीपेक्षा दुसरंच काहीतरी बोचत होतं. तो लॅपटॉप उघडायचा, मला पडद्यावर आणून नुसताच बसायचा आणि मिटायचा.

मग एका दुपारी तेजस्वी ऑफिसचं ओळखपत्र परत द्यायला आली. तिच्या चपलांचा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

“साहेबांका सांगितलात?” तिने उभ्याउभ्याच विचारलं.

“सांगितलं. लिहून दिलं. प्रश्नात चूक होती म्हणून.”

“प्रश्नात? प्रश्न काय आपलो आपण लिवलो गेलो?”

“नाही... मी लिहिला.”

“मगे तसां लिवा.”

कळफलकावर बोटं चालली. त्याने तिथेच बसून नवीन पत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. प्रश्न मी चुकीचा लिहिला. तेजस्वी प्रत्येक दुकानात गेली होती. तिने भरलेलं प्रत्येक उत्तर खरं आहे. मी तिला न विचारता तिच्यावर संशय घेतला. पत्र गेल्याचा टिंग असा आवाज आला.

त्याला अजून काहीतरी म्हणायचं होतं आणि त्याचा आवाज त्याच्या नेहमीच्या जागी, घशात अडकला होता. मग त्याने जे केलं ते मला त्याच्याकडून अपेक्षितच होतं. त्याने एक ओळ लिहिली आणि मला पुढे केलं. माझ्यावर आता लिहिलेलं होतं, ‘तेजस्वी, पुन्हा कामावर येशील का?’ खाली होय, नाही, रद्द. लॅपटॉप त्याने तिच्याकडे वळवला.

मी वाट पाहिली. बाण हलला नाही.

“सर,” ती म्हणाली, “ह्या काय?”

“उत्तर दे ना.”

“ह्या खिडकीक कित्याक उत्तर देव? ती काय माका खोटी म्हणाली? माका तोंडान इचारा.”

खुर्ची करकरली. तो उभा राहिला असावा. “माझं चुकलं,” तो म्हणाला. “तू... परत येशील?”

तिने छत्री उचलल्याचा आवाज झाला. चपला दाराकडे गेल्या. दारातून ती म्हणाली, “येतंय हां मी.”

आणि गेली.

मी मनात म्हटलं, झालं. ‘होय’ आलं. सुशांतनेही सुटकेचा श्वास सोडला. मग तो श्वास मधेच थांबला. आपल्याकडे घरातून निघताना जातो कोण म्हणतं? येतोच म्हणतात. कायमचं जायचं असलं तरी येतोच म्हणतात.

तो धावला. जिन्याच्या तोंडाशी त्याचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. “तेजस्वी! येतंय म्हणजे काय? परत कामावर येतेस, की आता जातेस?”

खालून आधी हसण्याचा आवाज आला. खूप वेळ आला.

“बघा, आता कसां इचारलात!” ती म्हणाली. “सोमवारी येतंय. पण प्रश्न मी लिवतलंय. आणि तुमी माझ्यावांगडा येवचां. बाकावर बसान राहूचां नाय, लोकांशी बोलाचां.”

मग बोलणं जिन्यावरून खाली उतरत गेलं. दोघंही परत वर आली नाहीत.

मी अजून उघडीच आहे. मागचं सगळं काम माझ्यामुळे थांबलेलं आहे. टिकलीमुळे मला दिसत नाही, पण झाडूचा आवाज येतोय, म्हणजे ऑफिस झाडायला कोणीतरी आलं असावं. झाडणाऱ्या बाई, नाहीतर जो कोणी माझ्यापुढे येईल तो, माझी एवढीच विनंती आहे. मी वाटेत आले म्हणून वैतागून भलतंच बटण दाबू नका. रद्द दाबा. ‘होय’ दाबू नका. ते उत्तर खरं आहे, पण तिने ते मला दिलेलं नाही.